रुसलेला मामा

वेंकोबराव वकील गेले तेव्हा कोर्टात त्यांची शोकसभा झाली. जो उठेल तो, कधी तमिळमध्ये तर कधी इंग्रजीत, एकच सांगत होता, की असा सचोटीचा वकील तंजावुरात पुन्हा होणे नाही. माझी पाळी आली तेव्हा मी "ते माझे सीनिअर होते, त्यांनी मला शिकवलं" एवढं म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, बाईला गहिवरून आलं. गहिवर कसला डोंबलाचा! मला संताप आला होता. पण मेलेल्या माणसावर त्याच्याच शोकसभेत संतापायची आपल्यात रीत नाही.

म्हणून हे लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरोघरी मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं माणूस शोधून सापडायचं नाही. मी कायदा पुण्याला शिकले म्हणून मला हे जमतं. इथलं कोणी वाचणार नाही, हे बरंच आहे. जिची ही हकीकत आहे त्या तुळजाला मात्र मी विचारलं. ती म्हणाली, "लिही गे अक्का. झांकून काय भलें झालें तें पाहिलेंच कीं आपण." तिच्या सासरच्यांची नावं तेवढी बदलली आहेत.

वेंकोबराव उंच, वाळक्या शेंगेसारखे. कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ, गळाबंद काळा कोट, आणि वैशाखातसुद्धा त्या कोटाचं वरचं बटण लावलेलं. कोर्टात टाउन बसनं जात. एकदा बसमध्ये उभे होते, तर बसलेल्या एका माणसानं त्यांचं वय बघून उठून जागा दिली. ह्यांनी त्याला ओळखलं. आमच्या एका दाव्यात तो समोरचा पक्षकार होता. "तुमचे वकील तुमच्याबरोबर नाहीत. मी तुमच्याकडून कांही घेऊं शकत नाही," असं म्हणून हे दांडीला धरून उभेच राहिले. तो बिचाराही मग बसेना. रिकाम्या जागेवर शेवटी एक कोळीण टोपली ठेवून बसली, आणि दोघे तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे न बघता कोर्टापर्यंत आले. हे मला स्वतः वेंकोबरावांनी सांगितलं, हसण्यासारखं त्यात काही आहे अशी शंकासुद्धा न येता.

गाणं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिरुवैयारूला नदीकाठी गाण्याच्या उत्सवाचा मांडव पडला की हे कोर्टातून परस्पर तिकडे जायचे. एका संध्याकाळी त्यांच्या आवडत्या गवयाचं गाणं होतं आणि मी बरोबर होते. तंबोरे लागले, आणि ह्यांना पुढच्या रांगेत जज्जसाहेब दिसले. आमचा एक निकाल त्यांच्याकडे राखून ठेवलेला होता. झालं! हे चप्पल हातात घेऊन उठले.

"सर, ते तिकडे, आपण इकडे. मधे एवढी माणसं आहेत. बोलायचंय कोणाला?"

"त्यांनीं मान डोलवली, मीही डोलवली, आणि कोणीं पाहिलें तर? समोरच्या पक्षकाराला काय वाटेल?"

मांडवाबाहेर भज्यांची गाडी होती. तिच्या धुरात उभं राहून त्यांनी सगळं गाणं ऐकलं, डोळे मिटून, ताल धरत. डोळ्यांत पाणी होतं, ते गाण्याचं की मिरच्यांच्या खाटाचं, देव जाणे. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटला होता. मी तरुण होते.

त्याच सुमारास एका जमिनीच्या अपिलात मला आमच्या बाजूचा एक उत्तम निवाडा सापडला. नाचतच त्यांच्यासमोर नेला. त्यांनी विचारलं, "ह्याच्या उलट कांही आहे का?" होता. वरच्या कोर्टाचा, नंतरचा, आमच्या मुळावर येणारा. समोरच्या वकिलाला तो ठाऊक नव्हता, हे मी चौकशी करून आले होते आणि तसं फुशारकीनं सांगितलंही. वेंकोबराव म्हणाले, "मग तो उद्यां तूंच कोर्टाला दे."

"मी? आपण हरू ना सर!"

"हरूं. खोटें सांगणें आणि खरें दडवणें, कोर्टापुढें दोन्ही एकच."

दुसऱ्या दिवशी मी तो निवाडा वाचला आणि आम्ही हरलो. आमचा पक्षकार, चांगला शिकलेला जमीनदार, व्हरांड्यात आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. वेंकोबरावांनी शांतपणे त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याला विचारलं, "जेवण जाहलें का तुमचें?" ते काही उपरोधानं विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच काळजी होती.

घरात मात्र ह्या सचोटीचा काच व्हायचा. त्यांची बायको, आमची रुक्माकाकू, बोलकी बाई. गल्लीत सगळे एकमेकांचे सोयरे, कोणाच्या भांडणात कोण वकील हे सगळ्यांना ठाऊक; फक्त वकिलाच्या बायकोला ठाऊक नसायचं. एकदा ती लोणच्याची बरणी घेऊन एका मैत्रिणीकडे गेली आणि तिच्या नवऱ्याचं तोंडभर कौतुक करून आली. तीन घरं पलीकडे कळलं, की त्या नवऱ्यानं आदल्याच आठवड्यात घटस्फोटाचा अर्ज केला आहे आणि त्याचे वकील आपलेच यजमान! "बरणी तरी मागें आणायची होती," म्हणून तिनं कपाळावर हात मारला. "अगे, ह्यांच्या पोटात जें जातें तें चितेवरच जळायचें."

तुळजा ही वेंकोबरावांची भाची, धाकट्या बहिणीची, अंबुजाबाईंची मुलगी. शाळेत गणित शिकवायची. वडील लवकर गेले, तेव्हा मामानंच शिकवलं. तिला सायकल त्यांनीच शिकवली, राजवाड्याच्या पटांगणात, कोट घालून मागे धावत. तिशी उलटली तरी लग्न जमेना आणि अंबुजाबाई उठता बसता देव पाण्यात ठेवत होत्या. तेवढ्यात कुंभकोणहून स्थळ आलं. श्रीपादरावांचा मुलगा सुधींद्र. आपलीच माणसं, घरची शेती, मुलाला मोठी नोकरी. एकदा लग्न होऊन मोडलेलं, पण ते त्यांनी आपण होऊन सांगितलं. पहिली बायको नांदली नाही, म्हणाले. अंबुजाबाईंनी हात जोडून होकार दिला आणि पेढे घेऊन पहिल्यांदा भावाकडे गेल्या.

वेंकोबरावांनी मुलाचं नाव ऐकलं आणि पेढा हातातच धरून ठेवला. म्हणाले, "मी लग्नाला येणार नाही."

आता इथे आमच्याकडची एक चाल सांगायला हवी. तमिळ मुलखात पिढ्यान्पिढ्या राहून आम्हीही त्यांच्यासारखेच झालो आहोत. मामाच्या मुलाचा भाचीवर पहिला हक्क, त्याला इथे मुरै म्हणतात. तो डावलून मुलगी बाहेर दिली की मामानं रुसायचं, आणि बहिणीनं तांबाळात, म्हणजे मोठ्या ताटात, फळं, विडा, नेसायची वेष्टी घेऊन त्याचा रुसवा काढायचा. निम्मा खेळ, निम्मा खरा अपमान. रुसवा निघाला की मग तोच मामा भाचीला हाताला धरून मंडपात आणतो. आता वेंकोबरावांचा मुलगा राघू चेन्नैला कधीच आपलं जमवून मोकळा झाला होता. तरीही, मामा लग्नाला येत नाही म्हटल्यावर गल्लीनं एका क्षणात निदान केलं: वकीलमामा रुसले! एवढे शिकलेले, पण शेवटी मुरै कोणाला सुटते? लोकांना गंमतच वाटली.

अंबुजाबाई तांबाळ घेऊन आल्या तेव्हा मी तिथेच होते. तोवर मी स्वतंत्र काम करू लागले होते, पण अडलं की त्यांच्याकडे जायची. अंबुजाबाईंनी तांबाळ टेबलावर ठेवलं. केळी, नारळ, विडा, जरीकाठी वेष्टी.

"अण्णा, पुरें कर आतां. राघूनं आपलें आपण जमवलें, त्यात माझा काय दोष? पोरीला जन्मभर घरात ठेवूं काय?"

वेंकोबराव तांबाळाकडे बघत म्हणाले, "मुलाची चौकशी केलीस?"

"केली कीं. पहिलीचेंच चुकलें म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"त्याचे वडीलच म्हणतात. आणखी कोण म्हणणार?"

त्यांनी तोंड उघडलं. मला अजून ते दिसतं. तेवढ्यात अंबुजाबाई रुक्माकाकूकडे वळून म्हणाल्या, "पाहिलेंस, वहिनी? स्थळात खोट काढायला लागला! हाच रुसवा!" आणि दोघी हसल्या. वेंकोबरावांचं तोंड मिटलं ते मिटलंच.

"रुसलों म्हण, एकदां म्हण," अंबुजाबाई लाडात आल्या होत्या. "मग मी पायां पडतें आणि संपवूं."

"तुला काय समजायचें तें समज, अंबू. मी येणार नाही. तें तांबाळ परत ने."

तांबाळ परत पाठवणं म्हणजे तोंडात मारणं. अंबुजाबाईंचा चेहरा उतरला आणि मग तापला. "पोर तुझी नाही म्हणूनच ना? माझा नवरा असता तर तुझी हिंमत झाली नसती," असं बोलून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी भावाचं घर सोडलं. मंडपात तुळजाला एका दूरच्या चुलत मामानं आणलं. मी लग्नात होते. मुलगी सारखी दाराकडे बघत होती.

दिवाळसणाला तुळजा आली तेव्हा तिचा हात गळ्यात अडकवलेला होता. न्हाणीघरात पाय घसरला, म्हणाली. आईनं विश्वास ठेवला. पुढे एकदा ओठ फाटला होता, तेव्हाही न्हाणीघरच. मग एका दुपारी शाळेतून ती सासरी गेलीच नाही. थेट तंजावूरची बस धरली आणि माझ्या ऑफिसात येऊन बसली. "अक्का, मला परत पाठवूं नको," एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी तिच्या वतीनं मॅजिस्ट्रेटपुढे छळाचा अर्ज दाखल केला.

सासरच्यांनी उत्तर दिलं, की मुलगी हट्टी, मुलीचं माहेर भांडखोर आणि सगळे आरोप बनावट. घरातल्या चार भिंतींना तोंड नसतं. मी म्हटलं, ह्याची पहिली बायको शोधावी. ती कोइमतूरला होती, दुसरं लग्न करून सुखात होती. मी तुळजाचं सांगायला लागले, तर मला थांबवून तिनं विचारलं, "न्हाणीघरात पडले म्हणायला लावतो का तिलाही?"

पण साक्षीला यायला ती काही केल्या तयार होईना. नव्या घरी त्यातलं काही ठाऊक नव्हतं. निरोप देताना ती म्हणाली, "त्यांचे वकील मात्र सज्जन होते हो. तुमच्या तंजावूरचेच, म्हातारे, कपाळावर काळी रेघ. त्यांनी त्याला खडसावून सगळं कबूल करायला लावलं, म्हणून तर मी कोर्टात न भांडता सुटले. नाहीतर मेलेच असते."

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. दातांवर दात दाबून बसले होते. उतरले ती तशीच त्यांच्या घरी.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं."

वेंकोबराव काही लिहीत होते. त्यांनी टाक खाली ठेवला. "माझ्याकडे कोण आलें आणि कोण नाही, हें मी सांगत नाही."

"तुळजाचा हात मोडलाय! तुमच्या तुळजाचा!"

"बैस. वकिलापाशी बोललेल्या गोष्टीबद्दल कायदा काय म्हणतो, सांग."

आणि मी मूर्खासारखी घडाघडा म्हणून दाखवलं, जसं शिकाऊ असताना म्हणायची: पक्षकारानं कामाच्या ओघात सांगितलेलं त्याच्या परवानगीवाचून वकिलानं उघड करू नये, काम संपलं तरीही करू नये. पुढे करायच्या गुन्ह्याचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. झालेल्या गुन्ह्याची कबुली मात्र झाकलेलीच राहते. म्हणता म्हणता माझाच आवाज खाली आला.

"बरोबर," ते म्हणाले.

"कायद्यानं तोंड बांधलं असेल, सर. 'अंबू, कोइमतूरला जाऊन ये' एवढं म्हणायला काय झालं होतं? किंवा नुसतं बोट दाखवायचं!"

"बोटानं सांगितलें तरी सांगितलेंच, जयू. लग्नाला गेलों नाही, तेंच जास्त झालें. लोकांनीं तो रुसवा धरला म्हणून निभावलें."

म्हणजे लोक त्यांना हलकं समजत होते, बहीण तोडून गेली होती, आणि ते सगळं त्यांनी पुसलं नव्हतं, कारण त्या गैरसमजानं पक्षकाराचं गुपित नीट झाकलं जात होतं! माणूस एवढा चांगला कसा असू शकतो, आणि एवढा निर्दय कसा? मी म्हटलं, "उद्या दुसरा माणूस वकिलापाशी मन मोकळं करणार नाही, हेच ना तुमचं म्हणणं? मग त्या दुसऱ्या माणसापायी आमची पोर मेली तरी चालेल!" रुक्माकाकू आतून आली, तिनं मला पाणी दिलं आणि नवऱ्यासमोरच्या दिव्याचं बटण बंद करून निघून गेली. तिनं ऐकलं होतं.

तुळजाच्या उलटतपासणीला ते आले. तो त्यांचा खटला नव्हता, तरी मागच्या बाकावर येऊन बसले. अंबुजाबाई दुसऱ्या टोकाला. समोरचे वकील तुळजाला विचारत होते.

"तुमचे सख्खे मामा या कोर्टातले नामांकित वकील आहेत. ते तुमच्या लग्नाला आले नाहीत. खरं?"

"खरं."

"मुरै डावलली म्हणून त्यांना राग होता. गावाला ठाऊक आहे. म्हणजे तुमच्या माहेरचा माझ्या अशिलावर पहिल्या दिवसापासून डूख होता. त्यातूनच ही तक्रार उभी राहिली, असं मी म्हणतो."

मी हरकत घेतली. मॅजिस्ट्रेटांनी ती लिहून घेतली आणि प्रश्न चालू दिला. मी वळून पाहिलं. वेंकोबरावांनी दोन्ही हातांनी समोरचं बाक घट्ट धरलं होतं. आणि त्यांच्या पुढच्याच बाकावर सुधींद्र बसला होता, हाताची घडी घालून. मामा का आला नाही, हे त्या दालनात त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला ठाऊक होतं? तो हसत होता.

तुळजा म्हणाली, "मामा कां आला नाही तें त्यालाच विचारा. मी विचारून थकलें." मी तोवर तिला कोइमतूरचं सगळं सांगितलेलं होतं. ती मामाकडे बघत होती, लग्नात दाराकडे बघत होती तशी.

मधल्या सुट्टीत मी बाहेर आले, तर व्हरांड्यात वेंकोबराव श्रीपादरावांसमोर उभे. शेजारी सुधींद्र आणि त्यांचे वकील. वेंकोबरावांनी त्या वकिलांची परवानगी घेतली आणि मग हात जोडले. मी त्यांना कोर्टाखेरीज कोणापुढे हात जोडून काही मागताना कधी पाहिलं नव्हतं.

"मला मोकळें करा," ते म्हणाले. "तुमच्या मुलाचा शब्द माझ्यापाशी आहे, त्यातून मोकळें करा. तुम्ही हो म्हटलेंत तरच मी बोलूं शकतों. ती माझी भाची आहे."

श्रीपादराव अदबीनं दोन पावलं पुढे आले. त्यांनी ते जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि खाली केले.

"असें काय करतां, वकीलसाहेब? कुंभकोणात काय वकील नव्हते? तुम्ही मेलात तरी बोलणार नाही, हें ठाऊक होतें म्हणूनच तुमच्यापाशी आलों होतों ना आम्ही?"

वेंकोबराव म्हणाले, "बरोबर आहे तुमचें."

ते वळले, तर मागे अंबुजाबाई. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणास ठाऊक. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ह्या आता किंचाळतील, भावाच्या कोटाला धरून गदागदा हलवतील. मी तशी तयारीनं पुढेही झाले. पण त्यांचा आवाज अगदी लहान निघाला.

"मी गावभर सांगत फिरलें रे, माझा अण्णा रुसला म्हणून. शिव्या दिल्या तुला." त्या थांबल्या, पदर तोंडाशी नेला. "खरंच रुसला असतास, तर किती बरें होतें."

वेंकोबराव जिना उतरून टाउन बसच्या थांब्याकडे चालू लागले, आणि त्यानंतर कोर्टात ते कोणालाही दिसले नाहीत.